डोकं त्याचं, धड माझं

आमच्या दोघांत मासे धरण्याचा एकच कायदा होता. मासा ज्याच्या गळाला लागेल त्याला धड, आणि पाण्यात उतरून जो तो काठावर आणील त्याला डोकं. हा कायदा आम्ही केलेला नव्हता. नदीकाठची माणसं आमच्या आधीपासून तसंच करत आली होती, कारण हातभर मरळ एकट्याला काढता येत नाही. काठी सोडून पाण्यात उतरावं तर मासा जातो, काठी धरून बसावं तर हात पोचत नाही. दोन माणसं लागतातच, आणि दोन माणसं आली की वाटणी आली. बारीक मासा ज्याचा त्याने न्यावा, मोठा मासा मात्र दोघांचा. ही गोष्ट मला पक्की ठाऊक होती, आणि ज्या दिवशी पाळायला हवी होती नेमकी त्याच दिवशी मी ती विसरलो. विसरलो हेही खोटंच. आठवत होती, मी तिच्याकडे पाठ फिरवली.

मोठा मासा ठेवावा की सोडावा, असं मला आजही कुणी ना कुणी विचारतं. म्हातारा झालो तरी पंचगंगेच्या काठी गळ टाकून बसलेल्यांच्या मागे जाऊन उभं राहायची सवय गेलेली नाही, म्हणून विचारतात. एके काळी मी याचं उत्तर ठणकावून देत असे. आता प्रश्न कानावर आला की मला जागेवर उभं राहवत नाही. उपरणं या खांद्यावरचं त्या खांद्यावर टाकतो, काहीतरी निमित्त काढतो आणि चालू लागतो. लोकांना वाटतं म्हाताऱ्याला घाई आहे. घाई कसली डोंबलाची!

मी कोल्हापुरात महाराजांच्या पागेत खोगिरं शिवायचो. महाराजांना घोड्यांचा नाद, त्यामुळे पागेतल्या माणसाला कामही भरपूर आणि गावात मानही भरपूर. माझा जोडीदार त्याच पागेत नालबंद होता. त्याचं काम घोड्याच्या पायाशी, माझं घोड्याच्या पाठीशी. तो मुसलमान, मी हिंदू, आणि दोघंही सारखेच तोंडाळ. पागेला सुट्टी मिळाली की आम्ही दोघं चिखलीच्या वाटेला लागायचो.

आमच्या सामानाचा आम्हाला भारी गर्व होता. बांबू कुणाच्याही बेटातला असो, बाकी सगळं हातचं. खोगिराला वापरतात तोच दोरा तीन पदरी घेऊन, मेण चोळून चोळून मी त्याचा दोर वळायचो. आणि गळ करायचा तो. घोड्याच्या नालेचे खिळे तापवून, ठोकून, वाकवून. बाजारातल्या गळापेक्षा बुटका, जाड, टोक किंचित आत घेतलेलं. तसा गळ कोल्हापुरात दुसऱ्या कुणाकडे नव्हता. नदीवर मासे धरणाऱ्या कुठल्याही भोयाने हातात घेतला असता तर सांगितलं असतं की हा पागेतल्या नालबंदाचा. हा गर्व पुढे अंगाशी आला.

माशाची आणखी एक सोय होती. बकऱ्यासारखं त्याला सुरी कुणी लावली हे कुणाला विचारावं लागत नाही. त्यामुळे एकाच माशाचे दोन भाग दोन घरी निर्धास्त जायचे. माझ्या घरी धड, त्याच्या घरी डोकं. त्याच्या घरी डोक्याला किंमत होती ती त्याच्या आईमुळे. तिला आम्ही दोघं अम्मा म्हणायचो. अम्माला मरळीचं डोकं म्हणजे जीव की प्राण. चिंचेचा कोळ घालून ती जे कालवण करायची, ते मी तिच्या चुलीपुढे बसून कितीदा खाल्लं याची माझ्या घरी कधी कुणाला खबर लागली नाही. डोकं अम्माचं ठरलेलं, म्हणून पाण्यात उतरायला तो कायम पुढे. मी गळ टाकायचा, त्याने उतरायचं. थंडीतसुद्धा. ‘‘धडाला काय चाटायचंय? सगळी चव डोस्क्यात असती मर्दा,’’ म्हणायचा, आणि कुडकुडत माशाला मिठी मारून बाहेर यायचा.

आमची जागा म्हणजे नदीजवळची दगडाची एक जुनी खाण. तिथला दगड कधीच काढून झालेला, खड्डा तेवढा उरलेला. पुरात नदी त्यात शिरायची आणि ओसरताना मासे मागे ठेवून जायची. तिथे मरळ होती. मरळ हा मासा इतरांसारखा अंडी टाकून निघून जाणारा नव्हे. पिलं झाली की आई-बाप त्यांच्या खाली पहारा देतात. पिलं लालभडक, मिरचीच्या बियांएवढी. शेकड्यांनी एका जागी वर येतात आणि पाणी नुसतं खळबळतं. ते लाल पाणी दिसलं की कुठल्याही गळवाल्याला कळतं, खाली मोठी मरळ आहे. मग करायचं एवढंच, की गळाला बेडूक लावायचा आणि त्या पिलांच्या मधोमध नाचवायचा. मरळ झेप घेतेच. भुकेने नव्हे, रागाने. पिलांत कोण शिरला म्हणून.

मीही तसंच धरत आलो होतो. सगळेच धरत. मग एका वर्षी, ज्या सालाची गोष्ट सांगतो आहे त्याच्या आदल्या वर्षी, मी अशीच एक मरळ धरली आणि त्या दिवशी आम्हाला निघायला उशीर झाला. त्यामुळे पुढचं मला बघावं लागलं. पिलं तिथेच फिरत राहिली. खाली कुणी नाही हे त्यांना कळेना. मग बारीक मासे आले, पाणकोंबडी आली, आणि बिडी ओढून संपायच्या आत ते लाल पाणी साधं होऊन गेलं. एकही उरलं नाही. माझ्या पिशवीतली मरळ अजून तोंड उघडत होती.

तेव्हापासून माझी स्वस्थता गेली. खोगीर शिवताना आरी बोटात घुसू लागली. मी बडबडू लागलो. पिलावरची मरळ सोडून द्यावी, इतकंच काय, हातापेक्षा मोठी कुठलीच मरळ नेऊ नये, असं मी ज्याला त्याला सांगत सुटलो. शेतकरी बियाण्याची कणसं खातो का? मग पाण्यातलं बियाणं आपण का खावं? हे माझं नेहमीचं वाक्य. मला ते फार आवडायचं.

जोडीदार ऐकून घ्यायचा आणि मग एका वाक्यात माझी हवा काढायचा. ‘‘तू सोडशील रं, पर पाऊस सरला की भोई जाळं लावत्यात न्हवं? तू सोडलेली मरळ त्येंच्या टोपलीत जाती. तू मासा सोडत न्हाईस, दुसऱ्याला देतोस.’’

‘‘निदान पिलं तरी मोठी होतील तोवर!’’ मी ओरडायचो.

‘‘व्हय, हुतील की. त्ये बी खरं हाय,’’ तो म्हणायचा. त्याला वाद जिंकायची हौस नव्हती, आणि मला त्याचाच राग यायचा. माणसाने एक तर हो म्हणावं किंवा नाही म्हणावं.

पुढच्या वर्षीच्या श्रावणात अम्मा अंथरुणाला खिळली. रोग असा काही नव्हता, वय झालं होतं. पण खाणं सुटलं. पेज ओठाला लावली तरी मान फिरवायची. हकीम म्हणाला, तोंडाला चव येईल असं काहीतरी द्या, पोटात अन्न गेलं तर माणूस उभं राहील. अम्माला विचारलं, काय खावंसं वाटतं? तिने दोन शब्द सांगितले, मरळीचं डोकं. जोडीदार पागेत माझ्या कामाच्या जागी येऊन उभा राहिला. मनगटापर्यंत हात राखेने भरलेले.

‘‘उद्या जाऊया खाणीवर. मोठी लागंल बघ. बारक्या माशाला डोस्कं कुठलं?’’

मी ‘जाऊया’ म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी पागेतून लवकर सुटून आम्ही खाणीवर पोचलो. पावसाने उघडीप दिली होती, ऊन चटके देत होतं. काठावरच्या बाभळीच्या बाजूला पाणी लाल दिसत होतं. दोघांनीही ते एकदमच बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं. माझं तत्त्वज्ञान त्याला पाठ होतं. नुसता म्हणाला, ‘‘तुझ्या मनात नसंल तर काठी माझ्याकडं दे. म्या टाकतो.’’

आजही मला वाटतं, तेव्हा काठी देऊन टाकायला हवी होती. पण काठी दिली असती तर मी हरलो असतो, असं काहीतरी डोक्यात होतं. मी बेडूक लावला आणि म्हणालो, ‘‘मी टाकतो.’’ मनाशी ठरवलं होतं, की गळ पिलांपासून लांब ठेवायचा. दुसरी एखादी बिनपिलांची मरळ लागली तर लागली. त्याचा दिवस जाईल, माझं तत्त्व राहील. बराच वेळ तसाच गेला. ऊन कलल्यावर त्याने उपरणं खांद्यावरून काढलं. त्याची नमाजाची वेळ झाली होती. तो वाटेवरच्या चिंचेच्या झाडापलीकडे गेला, उपरणं अंथरलं आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला.

आणि तेवढ्यात वाऱ्याने दोर सरकवला. बेडूक पिलांच्या कडेला गेला असेल नसेल, पाणी फुटलं. काठी अशी वाकली की मी गुडघ्यावर आलो. तितकी मोठी मरळ मी आयुष्यात पाहिली नव्हती. ओरडावंसं वाटलं, पण नमाजाला उभा असलेल्या माणसाला हाक मारायची नसते, एवढं मला कळत होतं. मी एकट्यानेच तिला दमवली. ती काठाजवळ आली, कुशीवर झाली, पांढरं पोट दिसलं. आणि तिच्यामागून ती लाल पिलं आली. सगळीच्या सगळी. ज्या उथळ पाण्यात त्यांनी कधी येऊ नये तिथे येऊन तिच्या डोक्याभोवती फिरू लागली.

चिंचेपलीकडे तो खाली वाकला होता. थोडा वेळ थांबलो असतो तर तो येऊन पाण्यात उतरला असता. त्याला विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. कमरेला रापी होती, चामडं कापायची. पाण्याकडे वाकलो, हात पोचेल तिथवर दोर धरला आणि कापला. मरळ क्षणभर तशीच पडून राहिली. मग शेपटी हलली आणि सगळं लाल पाणी तिच्यामागोमाग खोल गेलं.

पुढचं मी जे केलं ते सांगायला मला अजून लाज वाटते. काठीकडचं दोराचं टोक मी दातांनी चावलं, नखांनी पिंजलं, पदर वरखाली ओढले. तो उपरणं झटकत आला तेव्हा मी कपाळाला हात लावून बसलो होतो.

‘‘तुटला दोर.’’

त्याने ते पिंजलेलं टोक हातात घेऊन बघितलं आणि चक्क माझ्या पाठीवर थाप मारली. ‘‘तुझा दोर तुटला म्हंजे मासा केवढा असंल मर्दा! जाऊ दे. रडतोस काय?’’ मी रडत नव्हतो, पण त्याला तसं वाटलं.

परतताना तो माझीच समजूत घालत होता. मी भरभर चालत होतो, त्याला मागे टाकायला बघत होतो.

दुसऱ्या दिवसापासून तो एकटाच जाऊन बारीकसारीक मासे आणत राहिला. अम्माने त्यांना तोंड लावलं नाही. चौथ्या दिवशी मी तिला बघायला गेलो. न जाऊन भागण्यासारखं नव्हतं. तिने मला जवळ बसवलं, आणि तिच्या त्या दख्खनी बोलीत विचारलं, ‘‘कित्ता बडा था रे? दिखा.’’

मी दोन्ही हात पसरून दाखवला. खरं तेवढंच दाखवलं, बोटभरही वाढवलं नाही. गळवाल्याने माशाचं माप खरं सांगितलं असं आयुष्यात तेवढं एकदाच घडलं असेल. अम्मा माझ्या हातांमधल्या रिकाम्या जागेकडे बघून हसली. मग डोळे मिटून म्हणाली, ‘‘उसका सर तो बहुत बडा होगा.’’

आठवड्याच्या आत अम्मा गेली. डोकं मिळालं असतं तर ती जगली असती, असं मी म्हणत नाही. हकिमानेही म्हटलं नसतं. पण दोन घास तिच्या तोंडात गेले असते. ते दोन घास माझे नव्हते. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवून दानशूर व्हावं तसा मी झालो होतो, आणि हलवाई चिंचेपलीकडे डोकं टेकून बसला होता.

पागेत मात्र भलतंच सुरू झालं. जोडीदाराने दोर तुटल्याची गोष्ट कौतुकाने सगळ्यांना सांगितलेली. ती पागेवर देखरेख करणाऱ्या जमादाराच्या कानावर गेली. जमादार माझ्यासमोर येऊन उभा राहिला. ‘‘तुझा दोरा माशाला टिकंना, आणि त्योच दोरा घोड्याच्या तंगाला? उद्या सरकारांचा तंग तुटला म्हंजे?’’ तंग म्हणजे खोगीर घोड्याच्या पोटाखालून आवळायचा पट्टा. तो तुटला तर स्वार खाली. जमादाराने हुकूम सोडला, मी शिवलेले सगळे तंग उसवून पुन्हा शिवायचे, त्याच्या डोळ्यांदेखत.

माझ्या दोऱ्याला कुणी नाव ठेवलं नव्हतं आजवर. एक शब्द बोललो असतो तर दोऱ्याची अब्रू वाचली असती, की तुटला नाही, मी कापला. तो शब्द जिभेवर यायचा आणि मी गिळायचो. आणि तेव्हा माझी बाजू घेऊन कोण भांडला? जोडीदारच. आईच्या दुखवट्यात असलेला माणूस जमादारापुढे उभा राहून म्हणाला, ‘‘दोराचा काय दोस न्हाय, मासाच तसला हुता. म्या ह्या डोळ्यांनी बघितलाय की.’’ त्याने काहीच बघितलं नव्हतं. माझ्यासाठी खोटं बोलला. मी मान खाली घालून तंग उसवत राहिलो. खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं झालं होतं. कुणी जवळून गेलं की वाटायचं, याला कळलं. कुणी दोऱ्याला हात लावला की वाटायचं, आता बोलतो.

आणि नवरात्र तोंडावर असताना भोयांनी खाणीला जाळं लावलं.

जोडीदार दुपारी माझ्याकडे आला. बसला नाही. माझ्यापुढच्या लाकडी ठोकळ्यावर त्याने मूठ उघडली. आत गळ होता. नालेच्या खिळ्याचा, बुटका, जाड, गंज धरलेला. भोयाला मोठ्या मरळीच्या जबड्यात मिळाला होता, आणि कुणाचा ते ओळखून त्याने ज्याचा त्याला आणून दिला होता. गळाला माझा दोर अजून बांधलेला होता, वीतभर. मेणाने त्याला पाण्यातही कुजू दिलं नव्हतं. माझंच मेण.

दोर तुटतो तेव्हा तिन्ही पदर एका जागी कधीच तुटत नाहीत. एक आधी, एक मागून, एक त्याच्याही मागून. हे खोगीर शिवणाऱ्याला कळतं आणि घोड्याच्या पायाशी बसणाऱ्यालाही कळतं. या दोराचे तिन्ही पदर एका रेषेत होते. काठीकडच्या टोकाची व्यवस्था मी चोख केली होती. दुसरं टोक माशाच्या तोंडात राहिलं होतं.

‘‘तुटला न्हाय ह्यो,’’ तो म्हणाला. ‘‘कापलाय.’’

मी आरी खाली ठेवली.

‘‘म्या नमाजाला हुतो तवा?’’

मी मान हलवली.

‘‘पिलं हुती?’’

‘‘होती,’’ मी म्हणालो, आणि मूर्खासारखं पुढे विचारलं, ‘‘आता? पिलं दिसली का भोयांना?’’

‘‘मोठी झाल्यात. बोटाएवढी. जाळ्यातनं निघून जात्यात म्हनं.’’ मग म्हणाला, ‘‘मरळ गेली कुणाच्या तरी पंगतीला.’’

म्हणजे मी बोलत होतो ते खरं ठरलं होतं, आणि तो बोलत होता तेही खरं ठरलं होतं. पिलं वाचली होती आणि मरळ भोयांच्या टोपलीत गेली होती. वर्षभर चाललेला वाद तिथे ठोकळ्यावर बरोबरीत सुटला होता, आणि आम्हा दोघांनाही त्याचं काही घेणंदेणं उरलं नव्हतं.

‘‘इचारलं का न्हाईस मला?’’

‘‘तू सोडला असतास?’’

‘‘न्हाय,’’ तो म्हणाला. ‘‘अजाबात न्हाय. अम्माला डोस्कं पायजे हुतं. म्या न्हाय म्हनलो असतो, तू चार शिव्या दिल्या असत्यास आणि मासा घरी गेला असता. पर इचारायला पायजे हुतं की. डोस्कं माझं हुतं.’’

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्यावर उलटं ओरडता येतं. तो गळ तिथेच ठेवून निघून गेला. पुढची दोन वर्षं आम्ही एकाच पागेत होतो, एकाच घोड्याच्या मागेपुढे काम करत होतो, आणि ‘नाल बसली’, ‘खोगीर चढवा’ यापलीकडे तो माझ्याशी बोलला नाही. मला त्याने कुणापुढे उघडं पाडलं नाही. जमादाराला मी स्वतः जाऊन खरं सांगितलं. तो हसला, मला वेड्यात काढून निघून गेला. माझ्या दोऱ्याची अब्रू परत आली. त्याचं मला काही वाटलं नाही.

मासेमारी सोडली नाही मी. सोडायला हवी होती, पण घरात जीव रमेना. एकटाच खाणीवर जायचो, येरझाऱ्या घालायचो, गळ टाकायचो, परत काढायचो. बारीक मासे मिळायचे. मोठा लागलाच तर एकट्याच्या हाताला लागायचा नाही, स्वतःच सुटून जायचा. सोडण्याचा की ठेवण्याचा प्रश्नच यायचा नाही.

मग थोरल्या मुलीचं लग्न झालं आणि पुढच्या श्रावणाच्या आधी जावई पहिल्यांदा राहायला आले. आजऱ्याकडचे, खाऊनपिऊन सुखी घर. मी बोलायला तयारच. पागेतल्या घोड्यांपासून सुरुवात केली आणि खाणीतल्या मरळीवर आलो. ‘‘उद्या खाऊ घालतो तुम्हाला. हातभर!’’ म्हणालो. जावई हसले, म्हणजे त्यांना खरं वाटलं नव्हतं, आणि ते हसू मला लागलं. दुसऱ्या दिवशी बायकोला खोबरं भाजायला, मसाला वाटून ठेवायला सांगून मी निघालो. मोठं भांडं घासून ठेव, असंही सांगितलं.

खाणीत बाभळीच्या बाजूला पाणी लाल होतं.

मी दुसरीकडे गळ टाकला. खरंच दुसरीकडे टाकला. तास गेला, दोन तास गेले. सावल्या लांबायला लागल्या. जावयांचं हसू डोळ्यापुढून हलेना. आणि मी, ज्याने अख्ख्या कोल्हापूरला बियाण्याच्या कणसाची गोष्ट सांगितली होती, तो मी उठलो, बाभळीखाली गेलो आणि बेडूक पिलांच्या मधोमध सोडला.

ती लागलीच लागली. पहिलीएवढी नसेल, पण हातभर होतीच. मी काठी छातीशी धरून मागे रेललो. दमवली तिला, कुशीवर आणली, पण काठ उंच आणि मी एकटा. काठी सोडली तर गेली. नाही सोडली तर असाच उभा. घाम डोळ्यात जात होता. किती वेळ असा उभा होतो कोण जाणे.

पलीकडच्या वाटेने पन्हाळ्याकडून एक माणूस चालत येत होता, खांद्यावर हत्यारांची पिशवी. गडावरच्या घोड्यांना नाल मारून परत येणारा माझा जोडीदार. त्याने मला बघितलं, वाकलेली काठी बघितली. वाटेवरच थांबला. मी हाक मारली नाही. कुठल्या तोंडाने मारणार? त्याने पिशवी खाली ठेवली, वहाणा काढल्या, धोतर खोचलं आणि पाण्यात उतरला.

पाण्यात तो छातीपर्यंत गेला. दोन्ही हात माशाखाली घातले, नेहमी घालायचा तसेच, आणि गळ जबड्यातून सहज मोकळा केला. हात त्याचाच होता तो, गळही त्याचाच होता. पण काठाकडे आला नाही. मरळ पाण्यातच धरून उभा राहिला. लाल पिलं त्याच्या कोपरांभोवती जमू लागली. त्याने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

‘‘कायदा हाय न्हवं आपला?’’ तो म्हणाला. दोन वर्षांत पहिल्यांदा तो ‘आपला’ म्हणाला.

‘‘आहे,’’ मी म्हणालो.

‘‘मग ऐक. डोस्कं माझं. त्ये म्या सोडलं.’’ मासा हातात तसाच. ‘‘धड तुझं हाय. त्येचं काय करायचं, सांग.’’

मी तोंड उघडलं. घरी मसाला वाटून ठेवलेला होता. मोठं भांडं घासलेलं होतं. जावई ओसरीवर बसले असतील, वाटेकडे बघत. मला वाटलं होतं की हा शब्द माझ्या ओठावरच असतो. एवढी वर्षं मी दुसरं काही बोललोच नव्हतो. पण तो बाहेर येईना. मी काठी या हातातून त्या हातात घेत राहिलो.

‘‘सांग की,’’ तो म्हणाला. पाणी त्याच्या छातीला लागत होतं.

शेवटी मी ‘सोड’ म्हणालो. पण त्याआधी त्याला मला तीनदा विचारावं लागलं.